दक्षिण आफ्रिकेची जमीन कशाने उचलली? उपग्रहांच्या मोजणीतून कारणापर्यंत कसं पोचतात

प्रश्न असा आहे: 2012 ते 2020 या काळात दक्षिण आफ्रिकेची जमीन सरासरी 6 मिलिमीटर वर आली आणि त्यामागे दुष्काळ आहे, असं वाचनात आलं. त्याआधी तर पृथ्वीच्या पोटातला तप्त खडक तिथली जमीन उचलतो, असं सांगितलं जायचं. फोनचा जीपीएस पाच-पाच मीटर चुकतो, मग 6 मिलिमीटर कळले कसे? कळले तरी कारण कोणी आणि कसं ठरवलं? आणि आपल्या दख्खनवर असं काही दिसेल का?

अशी मोजणी करायला जमिनीत कायमची रोवलेली जीपीएस स्थानकं असतात. मी बरीच वर्षं अशाच स्थानकांचा डेटा हाताळतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. उंची किती बदलली हा या कामातला सोपा भाग आहे. का बदलली, हे त्या एका आकड्यातून कधीच कळत नाही. त्यासाठी जमीन केव्हा उचलली आणि किती पसाऱ्यात उचलली, हे बघावं लागतं.

आधी फोनचं. तुमचा फोन आणि आमचं स्थानक एकाच उपग्रहांचे संदेश ऐकतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर असतात. फरक आहे तो ऐकण्यात. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरीवर एक सांकेतिक क्रम चढवलेला असतो. त्यातला एकेक तुकडा सुमारे 293 मीटर लांबीचा भरतो. फोन मुख्यतः हा क्रम जुळवून अंतर काढतो. तुकड्याचा शंभरावा भाग अचूक ओळखला तरी जवळपास 3 मीटर होतात. आम्ही तो क्रम ज्या लहरीवर स्वार झालेला असतो, ती लहरच मोजतो. जीपीएसच्या पहिल्या वारंवारतेची लहर 19 सेंटिमीटरची. तिचा शंभरावा भाग 2 मिलिमीटरपेक्षाही कमी.

पट्टी बारीक मिळाली, पण तिच्यावर आकडे छापलेले नाहीत. उपग्रहापासून अँटेनापर्यंत पूर्ण लहरी किती बसल्या, हे कुठेच लिहिलेलं नसतं. फक्त शेवटच्या अपुऱ्या लहरीचा भाग दिसतो. ती पूर्ण संख्या अनेक उपग्रह आणि अनेक तासांची निरीक्षणं एकत्र सोडवून काढावी लागते. मग एकेक अडथळा बाजूला करायचा. आयनांबरातला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातला विलंब दोन वारंवारता वापरून जातो. उपग्रह नेमका कुठे होता, हे आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवा (जीएनएसएस म्हणजे जीपीएस आणि तशा इतर उपग्रह-प्रणालींचं सामाईक नाव) जगभरच्या स्थानकांवरून काढून सगळ्यांना फुकट देते, 2-3 सेंटिमीटरच्या अचूकतेने. खालच्या हवेतला विलंब डोक्यावरच्या दिशेला 2.3 मीटरच्या आसपास असतो. त्यातला कोरड्या हवेचा भाग हवेच्या दाबावरून कळतो. बाष्पाचा भाग मात्र दर तासाला बदलतो आणि तो मोजणीतूनच काढावा लागतो. एवढ्यावर भागत नाही. आपण बसलोय ती जमीनसुद्धा चंद्र-सूर्याच्या ओढीने रोज फुटभराच्या आसपास वरखाली होते. सगळंच एकत्र हलतं म्हणून आपल्याला जाणवत नाही, इतकंच. समुद्रकिनाऱ्याजवळ भरती-ओहोटीच्या पाण्याचं वजन आणखी भर घालतं. हे सगळं वजा करायचं.

दर 30 सेकंदांना एक नोंद, म्हणजे दिवसाला 2,880 नोंदी. त्या सगळ्यांमधून आलेखावर दिवसाचं एक टिंब उमटतं. त्या टिंबात उंचीची चूक पाचेक मिलिमीटरची असू शकते. पण आठ वर्षांची टिंबं मांडली की तीन हजारांच्या आसपास होतात आणि त्यांतून जाणारी चाल स्पष्ट दिसू लागते. 6 मिलिमीटर हे अशा आलेखांवरून आलेले आहेत, एका दिवशी कोणी पट्टी लावून मोजलेले नाहीत.

आडव्या दिशेपेक्षा उंचीची चूक दोन-तीन पट मोठी असते. कारण साधं आहे. पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण बघायला दोन्ही बाजूंना उपग्रह मिळतात. उंचीसाठी मात्र सगळे उपग्रह वरच. पायाखाली पृथ्वी आहे, तिच्या आरपार काही ऐकू येत नाही. त्यामुळे घड्याळातली चूक, बाष्पाचा विलंब आणि उंची हे तिन्ही एकमेकांत गुंततात. उंचीचा आलेख वाचताना हे कायम ध्यानात ठेवायला हवं.

स्थानक जवळून बघितलं तर काही विशेष वाटणार नाही. उघड्या खडकात खोल भोक पाडून रासायनिक चिकटद्रव्याने घट्ट बसवलेला स्टीलचा दांडा, किंवा खडकापर्यंत पाया नेलेला काँक्रीटचा खांब. त्यावर ताटाएवढी अँटेना. तिच्यात एकात एक अशी धातूची कडी असतात, जमिनीवरून उलटून येणारी लहर त्यांच्यात अडकावी म्हणून. वर प्लास्टिकची टोपी, बाजूला रिसिव्हर, बॅटरी आणि सोलर पॅनल. खांब मातीत उभा असेल तर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तुम्ही मातीचं वर्तन मोजत बसता. म्हणून जागा निवडताना मी आधी खडक बघतो, मग आकाश आणि शेवटी रस्ता. रस्त्यालगतची सोयीची जागा निवडून पस्तावलेले लोक मला ठाऊक आहेत.

एका स्थानकाच्या आलेखात एका रात्रीत 8 मिलिमीटरची पायरी दिसली होती. आसपास भूकंप नाही, खाण नाही. आम्ही आठवडाभर भूगर्भातली कारणं शोधत राहिलो. शेवटी कळलं की देखभाल करणाऱ्यांनी बिघडलेली अँटेना बदलून दुसऱ्या बनावटीची बसवली होती आणि तशी नोंदच केली नव्हती. प्रत्येक बनावटीचा लहर टिपणारा बिंदू वेगळ्या उंचीवर असतो. दुसऱ्या एका ठिकाणी दोन-तीन वर्षांत हळूहळू उतार दिसत होता. जाऊन पाहिलं तर कुंपणाबाहेरचं झाड वाढून आकाश झाकायला लागलं होतं. तेव्हापासून जमीन उचलल्याचा कोणताही दावा वाचला की मी आधी स्थानकाची देखभाल-वही मागतो.

उंची कशाच्या सापेक्ष, हा प्रश्नही लगेच येतो. समुद्रसपाटी इथे चालत नाही, ती स्वतःच बदलते. आम्ही पृथ्वीच्या वस्तुमानाच्या केंद्राशी जोडलेली जागतिक संदर्भ चौकट वापरतो. ती चार तंत्रांनी बांधली जाते: क्वेसारांचं (अतिदूरच्या आकाशगंगांच्या तेजस्वी केंद्रांचं) रेडिओ निरीक्षण, उपग्रहांवर लेझर मारून अंतर मोजणं, जीएनएसएस आणि डोरिस (जमिनीवरून उपग्रहांकडे रेडिओ संदेश धाडून मोजण्याची फ्रेंच प्रणाली). ही चारही तंत्रं एकाच आवारात असणारी ठिकाणं जगात मोजकीच. त्यांतलं एक जोहान्सबर्गजवळच्या हार्टेबीस्टहुक इथे आहे. दक्षिण आफ्रिकेची मोजणी भक्कम असण्यामागे हेही एक कारण. शिवाय त्या देशाने ट्रिगनेट नावाचं कायम चालणाऱ्या स्थानकांचं जाळं उभारलं. ते मुळात जमीन मोजणाऱ्या सर्व्हेअर लोकांसाठी होतं. सातबाऱ्याच्या हद्दी आखायला जसं जाळं लागेल, तसंच. संशोधकांच्या हाती ते आयतं आलं.

आता कारणांकडे वळू.

जमीन उचलण्याची कारणं अनेक, पण प्रत्येकाची चाल निराळी. सर्वांत नितळ उदाहरण स्वीडन-फिनलंडचं. हिमयुगात तिथे दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. तो वितळून हजारो वर्षं झाली, पण खालचं प्रावरण (भूकवचाखालचा खडकाचा जाड थर) मधासारखं संथ परत येतंय, म्हणून बोथनियाच्या आखाताभोवती जमीन आजही वर्षाला 10 मिलिमीटरच्या आसपास उचलते. अँडर्स सेल्सियसने 1731 मध्ये किनाऱ्यावरच्या एका खडकावर समुद्राची पातळी कोरून ठेवली होती. ती खूण आज पाण्याच्या पुष्कळ वर आहे. 1993 पासून तिथल्या स्थानकांचे आलेख पाहिले तर मोसमाची लहानशी लाट सोडता जवळजवळ सरळ रेष दिसते. दुष्काळ पडो, पूर येवो, रेषेला फरक पडत नाही. पसारा हजारेक किलोमीटरचा, मध्यभागी सर्वांत जास्त, कडेला शून्य, आणि आडव्या दिशेत सगळी स्थानकं केंद्रापासून बाहेर सरकतात. प्रावरणाच्या मंद प्रवाहाची ही सही आहे.

ज्वालामुखीची सही याच्या अगदी उलट. नेपल्सजवळच्या कॅम्पी फ्लेग्रेईत 2005 पासून पोत्सुओली गावाची जमीन एक मीटरहून अधिक वर आली आहे, पण पाच-सात किलोमीटर दूर गेलात की जवळजवळ काही नाही. उचलण्याचा पसारा साधारण उगमाच्या खोलीएवढा असतो. फुगणारी जागा दोन-तीन किलोमीटर खोल असेल तर वरचा फुगवटाही तेवढाच आटोपशीर. वेगही एकसारखा नसतो. काही महिने जोरात, मग मंद, मग पुन्हा जोर. भूकंपाचं तर एका क्षणाचं काम. 2015 च्या गोरखा भूकंपात काठमांडूचं खोरं काही सेकंदांत सुमारे मीटरभर उचललं गेलं. आलेखात ती सरळ उभी पायरी असते.

आणि चौथं कारण म्हणजे वजन. यासाठीच हा सगळा खटाटोप.

खडक टणक वाटतो, पण शेकडो किलोमीटरच्या मापात तो गादीसारखा वागतो. वर पाणी साठलं की दबतो, पाणी गेलं की वर येतो आणि तेही लगेच, कारण हे दबणं लवचीक आहे. प्रावरणासारखी हजारो वर्षांची वाट बघावी लागत नाही. दहा सेंटिमीटर पाण्याचा थर एका चौरस किलोमीटरवर पसरला तर त्याचं वजन एक लाख टन होतं. देशाच्या देशावर असा थर कमी-जास्त होतो तेव्हा गादी हलणारच. ॲमेझॉनच्या काठी मनाऊस इथे नदीच्या वार्षिक पुराबरोबर जमीन 5 ते 7 सेंटिमीटर खालीवर होते. नदी चढली की जमीन उतरते. दोन आलेख समोरासमोर ठेवले तर आरशातलं प्रतिबिंब वाटतं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी काम बाजूला ठेवून नुसता बघत बसलो होतो.

कॅलिफोर्नियाच्या दुष्काळाने हेच मोठ्या पटावर दाखवलं. 2014 मध्ये ॲड्रियन बोर्सा आणि सहकाऱ्यांनी पश्चिम अमेरिकेतल्या स्थानकांवरून दाखवलं की जमीन सरासरी 4 मिलिमीटर आणि कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत 15 मिलिमीटरपर्यंत उचलली आहे. त्यावरून त्यांनी हिशेब मांडला: सुमारे 240 गिगाटन (एक गिगाटन म्हणजे शंभर कोटी टन) पाणी गायब, म्हणजे त्या सगळ्या प्रदेशावर 10 सेंटिमीटरचा थर. मराठी माणसाला समजेल असं सांगायचं तर कोयना धरण काठोकाठ भरलं की 105 टीएमसी, म्हणजे सुमारे 3 गिगाटन पाणी होतं. 240 गिगाटन म्हणजे ऐंशी कोयना. ऐंशी कोयनांचं वजन उतरलं आणि जमीन 4 मिलिमीटर वर आली.

इथे एक मोठी फसगत आहे. त्याच काळात त्याच राज्यातल्या सेंट्रल व्हॅलीत जमीन खाली जात होती, काही ठिकाणी वर्षाला फुटाफुटाने. कारणही तेच, पाण्याचा उपसा. गाळाच्या जाड थरांतून पाणी काढलं की मातीचे कण एकमेकांवर बसतात आणि जमीन खचते. आजूबाजूचा डोंगर मात्र वजन उतरल्यामुळे वर येतो. एकच कारण, दोन विरुद्ध परिणाम. फरक एवढाच की खांब गाळात आहे की खडकात. म्हणून वजनाचा हिशेब करताना गाळावरची स्थानकं निर्दयपणे बाजूला काढावी लागतात. सगळ्यांची सरासरी काढून मोकळं झालं तर उत्तर धडधडीत चुकीचं येतं. उत्तर भारताच्या मैदानातल्या स्थानकांबाबत तर हे विसरून चालणारच नाही. तिथे उपसाही प्रचंड आणि गाळही.

आता दक्षिण आफ्रिका. तिथलं पठार हजार मीटरहून उंच आहे आणि त्याच्या खाली, प्रावरणाच्या तळाशी, भूकंपलहरी मंदावणारा खडकाचा अवाढव्य पट्टा आहे. तो पठाराला खालून टेकू देतो, ही कल्पना जुनी आणि वजनदार आहे. याशिवाय 1985 मध्ये लेसोथो-नटाल भागासाठी 'क्वाथलांबा' तप्तबिंदूची, म्हणजे खोलातून तप्त खडक वर येणाऱ्या जागेची, कल्पना मांडली गेली. ड्राकेन्सबर्ग पर्वताच्या झुलू नावावरून हे नाव आलं, अर्थ 'भाल्यांची भिंत'. त्यामुळे स्थानकांवर वर्षाला 2 मिलिमीटरपर्यंतची उचल दिसली तेव्हा बोट साहजिकच प्रावरणाकडे गेलं. मला त्यात कोणाचा उतावळेपणा दिसत नाही. तेव्हा आलेख लहान होते आणि लहान आलेखात दुष्काळाची चढणसुद्धा सरळ रेषेसारखीच दिसते.

बॉन विद्यापीठाच्या मकान करेगर आणि सहकाऱ्यांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात केलं काय, तर 'केव्हा' आणि 'कुठे' हे दोन प्रश्न विचारले. दर वर्षीची मोसमी लाट आणि लांबची चाल वेगळी काढली. उंचीतल्या बदलावरून किती पाणी कमी झालं असेल, याचं उलट गणित मांडलं. मग ते ग्रेस उपग्रहांच्या गुरुत्वमोजणीशी आणि जलचक्राच्या प्रतिमानांशी ताडून पाहिलं. ग्रेसची जोडी 2002 पासून 2017 पर्यंत, आणि तिची पुढची जोडी 2018 पासून, पृथ्वीवरच्या वस्तुमानाची हलवाहलव थेट तोलते. तिला जमिनीच्या उंचीशी देणंघेणं नाही. म्हणूनच तिची साक्ष स्वतंत्र आहे. तिची नजर मात्र काही शे किलोमीटरांपेक्षा बारीक पोचत नाही, आणि तिथे स्थानकांचं जाळं उपयोगी पडतं. दोन्हींनी एकच गोष्ट सांगितली: जिथे आणि जेव्हा पाणी आटलं, तिथे आणि तेव्हा जमीन उचलली.

या देशाची हवामानाची रचना अशा तपासाला फार सोयीची आहे. पूर्वेला आणि मधल्या पठारावर उन्हाळ्यात, म्हणजे ऑक्टोबर ते मार्चमध्ये पाऊस. केपटाउनकडे हिवाळ्यात, मे ते ऑगस्टमध्ये. तेव्हा वजनाचा परिणाम खरा असेल तर दोन्ही भागांतली वार्षिक लाट उलटसुलट असायला हवी. दुष्काळसुद्धा वेगळ्या वेळी पडले. 2015-16 च्या एल निनोत उन्हाळी पावसाचा भाग होरपळला आणि 2016 च्या अखेरीस जोहान्सबर्गला पाणी पुरवणारं वाल धरण चतुर्थांशाच्या आसपास उतरलं. केपटाउनची कसोटी नंतर आली. 1 फेब्रुवारी 2018 पासून माणशी दिवसाला 50 लिटर पाणी, नळ बंद होण्याच्या 'डे झिरो'ची तारीख जाहीर, आणि सर्वांत मोठं थीवाटर्सक्लूफ धरण दहा-बारा टक्क्यांवर. लोकांनी पाणी वाचवल्यामुळे ती तारीख पुढे ढकलली गेली आणि जूनमधल्या पावसाने संकट टळलं. पृथ्वीच्या पोटातल्या खडकाला यातल्या कोणत्याच तारखेचा पत्ता असायचं कारण नाही. उंचीचा आलेख पावसाच्या तारखा पाळतो आणि ओल परतली की उचल मंदावते, तेव्हा कारण वरून आलेलं असतं.

मग तप्त खडकाची कल्पना खोटी ठरली का? नाही, आणि तसं लिहिणारे घाई करतात. एक साधा हिशेब करा. पठार प्रावरणाच्या टेकूने हजार मीटर उचललं गेलं आणि त्याला तीन कोटी वर्षं लागली असं धरलं, तर वेग येतो वर्षाला 0.03 मिलिमीटर. पन्नास लाख वर्षांत उचललं असं मानलं तरी 0.2. संदर्भ चौकटीतलीच अनिश्चितता वर्षाला काही दशांश मिलिमीटर असते. म्हणजे हा वेग आमच्या यंत्रांना आज दिसण्यासारखाच नाही. पठाराची उंची हा कोट्यवधी वर्षांचा प्रश्न, 6 मिलिमीटर हा आठ वर्षांचा. दोन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात. माझं मत विचाराल तर 2012-2020 ची उचल मी पाण्याच्या खात्यावर मांडेन आणि पठाराच्या उंचीबद्दल जीएनएसएसला प्रश्नच विचारणार नाही.

आणखी एक साक्षीदार आहे, तो मला व्यक्तिशः फार आवडतो: निरपेक्ष गुरुत्वमापक. निर्वात नळीत वस्तू सोडायची आणि तिचं पडणं लेझरने मोजायचं. जमीन नुसतीच वर गेली तर पृथ्वीच्या केंद्रापासून लांब गेल्यामुळे दर मिलिमीटरला गुरुत्व 0.31 मायक्रोगॅलने (गुरुत्व मोजायच्या एका बारीक एककाने) घटतं. स्वीडन-फिनलंडमध्ये ही घट 0.16 च्या आसपास, म्हणजे निम्मीच भरते. कारण खाली प्रावरणाचा नवा खडक येऊन भरतोय आणि त्याचं आकर्षण घट भरून काढतंय. दुष्काळात याउलट होतं. पायाखालचं पाणीच गेलेलं असतं, त्यामुळे घट नुसत्या उंचीच्या हिशेबापेक्षा जास्त निघते. उंची एकच, पण गुरुत्व सांगतं की खाली काही आलं की खालून काही गेलं. परवडत असेल तिथे ही दोन यंत्रं शेजारी-शेजारी असावीत, असं मी प्रत्येक बैठकीत सांगत आलोय.

शेवटचा भाग, आपल्या दख्खनचा.

दिसेल, पण बेताचं दिसेल. 2015-16 च्या ज्या एल निनोने वाल धरण आटवलं, त्याच वर्षी मराठवाडाही कोरडा पडला होता. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते आपल्या सगळ्यांना आठवतं. आता हिशेब करू. आपला काळा पाषाण पाणी फार धरत नाही. भेगांत आणि मुरमात जे काय मुरतं तेवढंच. विहिरीची पातळी 5 मीटर खाली गेली आणि खडकाच्या आकारमानाच्या 2 टक्के पाणी सुटतं असं धरलं, तर प्रत्यक्षात 10 सेंटिमीटरचा थर गेला. आकडा तोच, पश्चिम अमेरिकेचा. पण मराठवाडा त्या प्रदेशापेक्षा खूप लहान आहे आणि वजनाचा पसारा लहान असला की गादी कमी दबते. त्यामुळे 4 मिलिमीटरपेक्षा कमीच अपेक्षा धरावी. एका स्थानकाच्या भरवशावर हे सांगता येणार नाही. खडकावरची पाच-सहा स्थानकं आणि दहा वर्षं असतील तर सांगता येईल.

धरणांचं वेगळं. कोयनेचं सगळं पाणी एका जागी आहे असं धरून लवचीक खडकाचं सूत्र लावलं, तर दहा किलोमीटरवर सेंटिमीटरभर आणि तीस किलोमीटरवर तीनेक मिलिमीटर दबणं येतं. खऱ्या जलाशयाचं पाणी लांबवर पसरलेलं आहे आणि तो दरवर्षी तळापर्यंत रिकामाही होत नाही, म्हणून प्रत्यक्षात आकडा याहून लहान धरायचा. तरीही ऑक्टोबर ते मे या काळात काठावरच्या खडकातलं स्थानक हळूहळू वर येताना दिसायला हवं. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतर कोयनेतल्या पाण्याचा आणि भूकंपांचा संबंध जगभर अभ्यासला गेला. त्या चर्चेत पाण्याचं वजन किती आणि भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब किती, हा जुना वाद आहे. वजनाची बाजू उंचीच्या आलेखावरून स्वतंत्रपणे तपासता येते, म्हणून मला तिथली मोजणी मोलाची वाटते.

तुम्हाला स्वतः करून बघायचं असेल तर महागडं काही लागत नाही. नेवाडा विद्यापीठाची भूमापन प्रयोगशाळा जगभरच्या हजारो स्थानकांचे रोजच्या टिंबांचे आलेख सगळ्यांसाठी खुले ठेवते. हैदराबादचं 'हाइड' आणि बंगळूरचं 'आयआयएससी' ही आपली जुनी स्थानकं त्यात आहेत. उंचीचा स्तंभ उतरवून घ्या. आधी पायऱ्या शोधा आणि त्या अँटेना बदलल्याच्या तारखांशी जुळतात का ते बघा. चाल काढायला साधी सरळ रेष बसवू नका. बरोबर एक वर्ष अंतराच्या टिंबांच्या जोड्या लावून त्यांच्यातल्या फरकांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या. मोसमाची लाट आपोआप कटते आणि चुकार टिंबं त्रास देत नाहीत. अडीच वर्षांपेक्षा लहान आलेखावर बोलू नका. हवेच्या दाबाचाही परिणाम असतो, तो वजा करायचा राहू देऊ नका.

मग दर वर्षीची लाट एकावर एक ठेवून पाहा. पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास जमीन सर्वांत खाली आणि एप्रिल-मेमध्ये सर्वांत वर अशी ती दिसेल. ती दिसली की त्याच कागदावर जवळच्या पर्जन्यमापकाची मासिक बेरीज उलटी काढा, पाऊस खाली जाईल अशी. आणि 2015 चा ऑक्टोबर आधी बघा: त्या वर्षी जमीन नेहमीइतकी खाली उतरली होती का?